काजवे, जाळी आणि कडेचा अंधार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. दिवसभर लोकांना पाटीवरची अक्षरं वाचायला लावणं हे माझं काम. पण नंबर काढून झाला, चष्म्याची फ्रेमही ठरली, की उठता उठता बरेच जण हळूच विचारतात, "ते मधूनच चमकतं, त्याचं काय?" नंतर तेच प्रश्न फोनवर येतात, रात्री साडेदहालाही. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. निदान डोळ्यांचे डॉक्टरच करतील. थांबलं तरी चालेल कुठे आणि धावायचं कुठे, एवढं यातून कळावं.

१. डोळ्यांसमोर काळे ठिपके, धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी तरंगतं. हे काय आहे?

डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून प्रकाश टिपणारा पातळ पडदा (रेटिना) असतो. त्या पडद्याच्या पुढच्या पोकळीत, सुमारे चार मिलिलिटर पारदर्शक जेली असते. तिला व्हिट्रियस म्हणतात. ती जवळजवळ सगळी पाणीच, त्यात बारीक तंतूंचं जाळं. वय वाढतं तशी ती पातळ होते, तंतूंचे पुंजके बनतात आणि त्यांची सावली पडद्यावर पडते. तुम्हाला दिसते ती ही सावली. म्हणूनच पांढरी भिंत, आभाळ किंवा मोबाईलची उजळ स्क्रीन पाहताना ती जास्त जाणवते. तिच्याकडे नजर नेली की ती पळते, नजर स्थिर केली की हळूहळू खाली सरकते.

आमच्याकडे आलेले एक किराणा दुकानदार दोन दिवस कानाजवळची माशी हाकलत होते. तिसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं, "अहो, कुठंय माशी?" तेव्हा ते तपासायला आले.

जास्त उणे नंबर असलेल्यांना आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना हे लवकर दिसू लागतं. महिनोन् महिने तेच ते दोन-चार ठिपके असतील तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही. मेंदू त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. गुलाबपाण्यानं किंवा कुठल्या थेंबांनी ते जात नाहीत, कारण वस्तू आत आहे आणि तुम्ही बाहेरून धुताय.

निळ्या आभाळाकडे पाहताना चमकदार पांढरे कण सळसळताना दिसतात, ते वेगळे. पडद्याच्या केशवाहिन्यांतून तुमच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत असतात. निरोगी माणसालाही त्या दिसतात.

२. मग दवाखान्यात धावायचं कधी?

ठिपके अचानक वाढले, मूठभर काळी मोहरी उधळल्यासारखे दिसले, सोबत चमक सुरू झाली किंवा एका बाजूनं सावली सरकू लागली, तर त्याच दिवशी जा. "रविवार आहे, सोमवारी बघू" असं करू नका.

जेली आक्रसून पडद्यापासून सुटते, हे पन्नाशी-साठीत बहुतेकांच्या बाबतीत घडतंच. पण सुटताना ती कुठे घट्ट चिकटलेली असली तर पडदा फाटतो. अशी नवी लक्षणं घेऊन आलेल्या दहा जणांमध्ये साधारण एकाच्या पडद्याला चीर सापडते. चीर आहे तोवर ओपीडीत बसून लेझरनं तिच्याभोवती टाके घातल्यासारखं करता येतं. त्या चिरेतून पाणी मागे शिरलं की पडदा सुटतो, आणि मग ऑपरेशनच करावं लागतं.

दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. एक, हे दुखत नाही. पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे "दुखत नाही म्हणजे साधंच असेल" हा हिशेब इथे चालत नाही. दुसरी, डोळ्यात चित्र उलटं पडतं. सावली खालून वर चढताना दिसत असेल तर पडदा वरच्या बाजूनं सुटलाय, आणि तिथलं पाणी स्वतःच्या वजनानं वेगानं खाली उतरतं. त्यामुळे खालून चढणाऱ्या सावलीला सगळ्यात कमी वेळ असतो. मध्यबिंदू, म्हणजे बारकावे पाहणारा पडद्याचा मधला भाग, सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर चांगली राहण्याची शक्यता खूप जास्त असते.

मधुमेह असलेल्यांसाठी आणखी एक. पाण्यात शाईचा थेंब पसरावा तसं काळं-लालसर काही अचानक पसरलं तर ते आतलं रक्त असू शकतं. तेव्हाही त्याच दिवशी जा.

३. अंधारात डोळा फिरवला की कडेला विजेसारखी रेघ चमकते. डोळ्यांत वीज कुठून आली?

पडद्याला एकच भाषा येते, प्रकाशाची. त्याला ओढलं, दाबलं, धक्का दिला तरी तो मेंदूला "उजेड" एवढंच कळवतो. डोक्यावर आपटल्यावर काजवे चमकतात किंवा डोळे चोळल्यावर रंगीत गोळे दिसतात, ते यामुळेच. वर सांगितलेली जेली पडद्याला ओढते तेव्हा कानशिलाच्या बाजूला क्षणभर कमानीसारखी चमक दिसते. उजेडात ती झाकली जाते, म्हणून रात्री बाथरूमला उठल्यावर पहिल्यांदा लक्षात येते.

नवीन चमक असेल तर डोळ्यात थेंब टाकून पडदा कडेपर्यंत तपासून घ्या. पहिली तपासणी चांगली आली, तरी डॉक्टर काही आठवड्यांनी परत बोलावतात. त्या तारखेला जाच, कारण चीर कधी कधी नंतर पडते.

४. नजरेत चमचमणारी नागमोडी रेघ येते, पसरत जाते आणि अर्ध्या तासात गायब होते. पडदाच सुटतोय का?

बहुधा नाही. हे वर्णन अर्धशिशीच्या पूर्वलक्षणाचं आहे, ज्याला डॉक्टर 'ऑरा' म्हणतात. वाचताना आधी एखादं अक्षर हरवतं. मग तिथे करवतीच्या दात्यांसारखी, थरथरणारी चंद्रकोर उगवते, हळूहळू मोठी होत कडेला सरकते आणि मागे पुसट डाग ठेवून निघून जाते. हे सगळं साधारण ५ ते ६० मिनिटांत संपतं. डोकेदुखी मागून येते, आणि कधी कधी येतच नाही.

ह्यूबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टरानं स्वतःला दिसणारी ही कोर टप्प्याटप्प्यानं काढून १८७० मध्ये प्रसिद्ध केली. किल्ल्याच्या तटबंदीसारखी, बुरुज-कोन असलेली ती चित्रं आजही पेशंटला दाखवली की "अगदी असंच!" म्हणतात. पुढे १९४१ मध्ये कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञानं स्वतःच्या ऑराचा वेग मोजून हिशेब मांडला की मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगानं काहीतरी सरकत असावं. नंतर ते खरं ठरलं. चेतापेशींच्या उत्तेजनेची आणि तिच्यामागून येणाऱ्या शांततेची ती एक लाट असते. म्हणजे हा खेळ मेंदूतला, डोळ्यातला नाही, आणि म्हणून डोळे मिटले तरी कोर दिसतच राहते.

तरीही डॉक्टरांना दाखवायचंच, अशा वेळा आहेत: पन्नाशीनंतर पहिल्यांदाच झालं, दर वेळी एकाच बाजूला होतं, तासाभराहून जास्त टिकतं, किंवा सोबत बोलणं अडखळतं, हातपाय लुळा पडतो. आणि बायकांसाठी एक महत्त्वाचं: ऑरा येत असेल तर गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी अशा बायकांमध्ये पक्षाघाताचा धोका वाढतो.

५. सगळे विचारतात, "एका डोळ्यात की दोन्ही डोळ्यांत?" हे मला कसं कळणार?

एक डोळा तळहातानं झाका, बघा. मग दुसरा झाका, बघा. एवढंच. पण हे त्रास चालू असतानाच करायचं, नंतर आठवून सांगता येत नाही.

या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. "उजव्या डोळ्यानं दिसत नाही" असं सांगणाऱ्या कित्येकांचे दोन्ही डोळे ठणठणीत असतात, फक्त दोन्ही डोळ्यांतली उजवी बाजू गेलेली असते. खरंच एकाच डोळ्याचं गेलं असेल तर दोष डोळ्यात किंवा त्याच्या नसेत, दोन्ही डोळ्यांतली एकच बाजू गेली असेल तर मेंदूत. दवाखाना वेगळा, डॉक्टर वेगळे, घाईसुद्धा वेगळी. आणि उलट बाजूनं, एका डोळ्याची नजर महिनोन् महिने कमी होत असते पण दुसरा डोळा सांभाळून घेतो. मग एक दिवस चांगल्या डोळ्यात कचरा जातो, तो मिटावा लागतो, आणि माणूस घाबरून म्हणतो, "आजच गेली नजर!" आज गेलेली नसते, आज कळलेली असते.

६. दोन मिनिटं एका डोळ्यापुढे पडदा पडल्यासारखा काळोख झाला आणि आपोआप गेला. आता ठीक आहे. सोडून देऊ?

नको. लगेच मोठ्या दवाखान्यात जा. मानेतल्या रक्तवाहिनीतून किंवा हृदयातून सुटलेली बारीक गुठळी डोळ्याच्या धमनीत क्षणभर अडकून पुढे सरकली, असा त्याचा अर्थ असू शकतो. पुढची गुठळी मेंदूत अडकली तर पक्षाघात. रक्तदाब, साखर, ईसीजी, मानेच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर सोनोग्राफी या तपासण्या होतील. एकदम उठल्यावर दोन्ही डोळ्यांपुढे अंधारी येते ती वेगळी गोष्ट आहे. तिथे बहुतेकदा रक्तदाब क्षणभर खाली आलेला असतो.

साठी-सत्तरीतल्या माणसाला याच्या जोडीला कानशील दुखणं, केस विंचरताना टाळू हुळहुळणं, घास चावताना जबडा भरून येणं असं काही असेल तर तेही सांगा. धमनीला सूज येणारा हा आजार आपल्याकडे कमी आढळतो, पण उशीर झाला तर दुसरा डोळाही जातो.

७. कडेची नजर म्हणजे नेमकी किती?

समोर एका बिंदूकडे पाहत राहिलात तर एका डोळ्याला कानाच्या बाजूला सुमारे १०० अंश, नाकाच्या बाजूला ६०, वर ६० आणि खाली ७५ अंशांपर्यंत दिसतं. कडेला बारकावे दिसत नाहीत, रंगही फिके पडतात, पण हालचाल पटकन टिपली जाते. डोळ्याच्या कोपऱ्यातून "कोणीतरी गेलं" असं वाटतं आणि वळून पाहिलं तर वाळत घातलेला टॉवेल असतो. हा आजार नाही.

प्रत्येक निरोगी डोळ्यात एक आंधळी जागाही असते, नस जिथून बाहेर पडते तिथे. कागदावर फुली काढा आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर ठिपका. डावा डोळा झाका, उजव्यानं फक्त फुलीकडे पाहा आणि कागद पुढे-मागे करा. साधारण फूटपट्टीएवढ्या अंतरावर ठिपका नाहीसा होतो. तिथे काळं भोक दिसत नाही, हे नीट पाहा. तिथे कागदच दिसतो. मेंदू रिकामी जागा आजूबाजूच्या रंगानं भरून काढतो. पुढच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे.

८. पाटीवरची शेवटची ओळ वाचतो, नंबर ६/६ आहे. तरी डॉक्टर म्हणतात काचबिंदूनं नजर कमी झालीय. हे कसं?

६/६ म्हणजे नजरेच्या अगदी मध्यभागाची परीक्षा. काचबिंदूत, बहुतेकदा डोळ्यातल्या दाबामुळे, डोळ्याची नस हळूहळू खराब होते. नजर जायला सुरुवात होते कडेकडून, आणि मेंदू ती भोकं भरून काढतो. त्यामुळे पेशंटला काळं काही दिसत नाही, नुसत्या वस्तू हुकतात. जिन्याची शेवटची पायरी, बाजूनं आलेली रिक्षा, जेवताना कोपरानं सांडलेला पाण्याचा तांब्या. घरचे म्हणतात, "वेंधळेपणा वाढलाय." देशात चाळिशीच्या पुढच्या साधारण १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असल्याचा अंदाज आहे, आणि पाहण्यांमध्ये सापडलेल्या दहापैकी नऊ जणांना तो आहे हे ठाऊकच नव्हतं. गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी उरलेली टिकवता येते. थेंब महिनाभर टाकून "काही फरक पडला नाही" म्हणून बंद करणारे मला दर आठवड्याला भेटतात. फरक पडायचाच नसतो, तेच तर हवं असतं.

आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर दर वर्षी दाब आणि नस तपासून घ्या.

याचा एक प्रकार मात्र गाजावाजा करत येतो. संध्याकाळी दिव्यांभोवती इंद्रधनुष्यी कडी, डोळा लाल, प्रचंड ठणका, उलट्या. अशा पेशंटला पित्त समजून आधी पोटाचं औषध दिलेलं मी पाहिलंय. डोळा लाल आणि उलट्या असं एकत्र दिसलं तर त्याच रात्री डोळ्यांचा दवाखाना गाठा.

९. फील्ड टेस्टमध्ये बरेच ठिपके हुकले. नापास झालो का?

त्यात नापास कोणी होत नाही. पांढऱ्या अर्धगोलात मध्यभागी बघत राहायचं आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. मशीन मुद्दाम इतके मंद ठिपके दाखवतं की निरोगी माणसालाही जवळपास निम्मे दिसू नयेत. त्याला तुमच्या नजरेची सीमाच शोधायची असते. पहिल्या वेळी बहुतेकांचं काहीतरी चुकतं. ठिपक्याच्या मागे डोळा पळतो, डुलकी लागते, पापणी खाली येऊन वरचा भाग काळा छापला जातो. म्हणून एका अहवालावर घाबरू नका. जेवून, झोप झालेली असताना जा आणि मागचे सगळे अहवाल सोबत न्या.

१०. पक्षाघातानंतर बाबांना एका बाजूचं दिसत नाही. चष्म्यानं सुधारेल का?

नंबरच्या चष्म्यानं नाही. दोन्ही डोळ्यांतली एकच बाजू गेलेली असते (प्रश्न ५ पाहा). सुरुवातीच्या काही महिन्यांत थोडीफार सुधारणा होऊ शकते. त्यानंतर भर असतो तो नजर मुद्दाम त्या बाजूला फिरवत राहण्याच्या सरावावर. डावी बाजू गेली असेल तर वाचताना ओळीची सुरुवात सापडत नाही. पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावा आणि ती दिसेपर्यंत डोळे न्यायला सांगा. उजवी गेली असेल तर पुढचा शब्दच दिसत नाही, म्हणून वाचन जास्त अडतं. तिथे ओळीखाली बोट धरून जावं लागतं.

याच्यासारखी दिसणारी पण वेगळी अवस्था म्हणजे मेंदूनं डाव्या जगाची दखलच न घेणं. ओळखायचं ताटावरून. भाजी, आमटी, पोळी सगळं संपलेलं, आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर-लोणचं जसंच्या तसं. नुसती नजर गेलेला माणूस "डावीकडे दिसत नाही" म्हणून तक्रार करतो, मान वळवतो. दखल हरवलेल्याला डावीकडे काही आहे हेच पटत नाही. अर्धी दाढी करून तो समाधानानं उठतो. त्याच्यावर चिडू नका, तो हट्ट करत नाहीये. ताट फिरवून द्या आणि न्यूरोफिजिओथेरपी सुरू असेल तिथे हे जरूर सांगा. दोन्ही अवस्थांत गाडी चालवणं बंद.

११. दोन्ही खांदे दाराच्या चौकटीला आपटतात. हे कशानं?

दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कडा गेल्या असतील तर मेंदूच्या तळाशी, जिथे दोन्ही नसा एकमेकींना छेदतात तिथे, दाब असू शकतो. बहुतेकदा पिट्युटरी ग्रंथीची गाठ. पाळी बंद होणं, चपलांचा किंवा अंगठीचा नंबर वाढणं अशी लक्षणं सोबत असतील तर ती सांगा. एमआरआय करावा लागेल.

१२. मुलाला संध्याकाळनंतर दिसत नाही. गाजर दिली, उपयोग नाही.

अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं रातांधळेपणा येतो आणि तो योग्य डोसनं सुधारतो. पण आहार बरा असूनही मूल अंधारात चाचपडत असेल, चेंडू कडेनं निसटत असेल, तर रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक आजाराचा विचार करतात. नजर कडेनं आक्रसत नळीतून पाहिल्यासारखी होत जाते. मामे-आतेभावंडांत लग्नं झालेल्या घरांत तो जास्त सापडतो. त्यामुळे डॉक्टरांनी नातं विचारलं तर लपवू नका. भावंडांचीही तपासणी करा.

१३. टीव्हीवर पूर्वी मुंग्या यायच्या तसं सगळीकडे, सतत दिसतं. नंबर बरोबर, पडदा बरोबर. मला वेड लागलंय का?

नाही. याला 'व्हिज्युअल स्नो' म्हणतात. दोन्ही डोळ्यांत, पूर्ण नजरभर, महिनोन् महिने. सोबत वस्तू सरकल्यावर तिची प्रतिमा मागे रेंगाळणं, उजेड न सोसणं, कानात गुणगुण असंही असतं. दोष मेंदूच्या दृश्य-प्रक्रियेत असावा असं मानतात. त्यानं आंधळेपण येत नाही. खात्रीचं औषध नाही. मुंग्या एकाच डोळ्यात किंवा नजरेच्या एकाच भागात असतील तर हे उत्तर तुमचं नाही, तपासून घ्या.

१४. आजीला नजर कमी झाल्यापासून अंगणात रंगीत कपड्यांतली छोटी माणसं दिसतात. घरातले म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे.

बाहेरचं काही नाही. चार्ल्स बॉने या स्विस निसर्गशास्त्रज्ञानं १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल हेच लिहिलं होतं. मोतीबिंदूनं नजर गेलेल्या पण डोक्यानं लख्ख असलेल्या त्या आजोबांना माणसं, पक्षी, इमारती दिसत. डोळ्यांकडून चित्र येणं कमी झालं की मेंदू स्वतःच चित्रं रचतो. ती बोलत नाहीत, आणि आजीला बहुतेकदा ठाऊक असतं की ती खरी नाहीत. लोक वेडी म्हणतील म्हणून ती सांगत नाही, इतकंच. दिवा मोठा लावा, डोळे चटचट उघडझाप करायला सांगा, मोतीबिंदू असेल तर काढून घ्या. ती चित्रं तिच्याशी बोलू लागली, आजीला खरी वाटू लागली किंवा विसराळूपणाही वाढला, तर मात्र मनोविकार किंवा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.

१५. औषधांमुळे नजरेवर परिणाम होतो का?

काहींमुळे होतो. टीबीच्या गोळ्यांतलं एथॅम्ब्युटॉल डोळ्याच्या नसेवर परिणाम करू शकतं. लाल रंग विटल्यासारखा वाटतो, मधोमध धूसर होतं. तसं जाणवलं तर त्याच दिवशी टीबीच्या डॉक्टरांना सांगा, पण स्वतःच्या मनानं सगळ्या गोळ्या सोडू नका. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन पाच वर्षांहून जास्त चालू असेल तर दर वर्षी पडद्याची तपासणी हवी. फिट्ससाठीच्या व्हिगाबॅट्रिननं कडेची नजर कायमची आक्रसू शकते.

१६. विसर्जन मिरवणुकीत लेझर डोळ्यावर आला, तेव्हापासून मधोमध डाग दिसतो.

हे कडेचं नाही, मध्यबिंदूचं दुखणं. पण २०२३ च्या गणेशोत्सवानंतर महाराष्ट्रात अशा तरुणांच्या बातम्या आल्या तेव्हापासून प्रश्न येतो, म्हणून इथे घेतला. पडद्यावर भाजल्याची जखम किंवा रक्तस्राव असू शकतो. ओसीटी नावाचा स्कॅन करून घ्या. ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिल्यावरही असाच डाग पडतो.

१७. नजर ६/६ आहे पण नळीतून पाहिल्यासारखी. दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का?

मिळू शकतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नुसती पाटी नाही, नजरेचा विस्तारही धरलाय. तो ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत असेल तर अल्पदृष्टी, १० अंशांच्या आत असेल तर अंधत्व. फील्ड टेस्टचे अहवाल सोबत ठेवा, कारण खिडकीवरच्या माणसाला तुम्ही चालताना अगदी बरे दिसता.

१८. पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस भरलाय. पुढच्या आठवड्यात विमानानं जाऊ का?

अजिबात नाही. उंचीवर हवेचा दाब कमी झाला की बुडबुडा फुगतो आणि डोळ्यातला दाब धोकादायक वाढतो. गॅस पूर्ण जिरल्याचं डॉक्टरांनी सांगेपर्यंत विमान बंद, आणि उंच घाटातल्या प्रवासाबद्दलही आधी विचारा. दुसरं कुठलं ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना डोळ्यात गॅस असल्याचं सांगा. सिलिकॉन तेल भरलं असेल तर विमानाची ही अडचण नाही.

१९. तपासणीसाठी थेंब टाकल्यावर मोटरसायकलनं घरी जाता येईल का?

नाही. बाहुली मोठी राहते, चार-सहा तास जवळचं धूसर आणि उन्हात डोळे दिपतात. सोबत कोणाला तरी आणा, आणि गॉगल.